अक्कांचा दुसरा तांब्या

अक्कांना जाऊन महिना होत आला. त्या दिवशी दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी करत होते. सातव्या क्रमांकावर ‘अक्कांची जाड चादर’ लिहिलं आणि पुतण्याचा फोन आला, “काकू, आता काही आणू नका...” यादी तिथंच थांबली.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेर लासूर स्टेशनचं. त्यांची बोटं वाकडी झाली, गुडघे सुजले, तेव्हा डॉक्टरांनी आमवात सांगितला. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं, असा हा आजार. नऊ वर्षं प्रत्येक तपासणीला मीच सोबत गेले. आदल्या दिवशी मी तक्रारी क्रमाने लिहून काढायची आणि अक्का हसायच्या. “डाक्टरकडं चाललीस का किराणा आणायला?” एकदा म्हणाल्या, “हिरड्यातून रगत येतंय, ते बी लिही की.”

“अक्का, हे सांध्यांचे डॉक्टर. दातांची यादी वेगळी.”

“बरं बाई. तुझ्या वहीत माझं तोंड अन् गुडघे शेजारी बसत नाय म्हण.”

ती वेगळी यादी मी कधी केलीच नाही. त्याही पुन्हा बोलल्या नाहीत. भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावायची म्हणजे हिरड्यांतून रक्त यायचंच, असं आमच्या घरातल्या सगळ्या बायका धरून चालायच्या.

नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, त्यामुळे त्याचं वाटप माझ्याकडे. सकाळी तोंड धुवायला माणशी एक तांब्या. अक्का दोन घ्यायच्या. मी रोज टोकायची. “लई कडक हायेस गं,” एवढंच म्हणायच्या.

शेवटी आजार फुफ्फुसांत उतरला. भरती केल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी त्यांचं तोंड तपासलं आणि मला विचारलं, “हिरड्या कधीपासून अशा आहेत?” मी वही चाळली... कुठंच नव्हतं. बाई म्हणाल्या, हिरड्यांची जुनी सूज आणि आमवात यांचा संबंध आढळतो. त्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण कळलं असतं तर हिरड्यांवरही उपचार केले असते. मी वही मिटली. अक्कांनी मास्क बाजूला सारला. “तिला काय बोलू नका, बाई. बेसिन लाल दिसू नये म्हणून मीच दुसरा तांब्या वतत व्हते.”

परवा पाणी आलं. पिंपं भरली. सकाळी बेसिनपाशी, का कोण जाणे, दोन तांबे भरून ठेवले. एकाने तोंड धुतलं. दुसरा अजून तिथंच आहे, काठोकाठ. घरात पाण्याची एवढी टंचाई, तरी तो मला ओतवत नाही.