कासाबाईची कोकरं

झरीची कासाबाई मेंढरं राखते. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीन महिन्यांतच तिच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी दीडशेवरून पावणेतीनशेवर गेल्या, तेव्हा तिनं नर्सबाईला पेढा भरवला होता. पुढच्या तपासणीत मात्र आकडा जेमतेम वीसनं सरकला. गोळीचा जोर सरला, असं मनाशी धरून तिनं ती बंद केली.

"दोन दिस झाले, घेतली न्हाई," ती भाचीला म्हणाली. राजेश्री परभणीला गणितात एम.एस्सी. करते आणि तिचा प्रकल्प नेमका याच पेशींवर आहे.

"काय केलंस आत्या!" राजेश्रीनं वहीत रेघ काढली. आधी ती सरसर चढली, मग हळूहळू. "आमचं समीकरण हेच सांगतंय बघ. विषाणू दबला की काखेतल्या, मानेतल्या गाठींत अडकलेल्या पेशी आधी रक्तात परततात. मागनं नव्या तयार होतात, त्याला वेळ लागतो."

कासाबाईनं रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी पांगलेली मेंढरं परत आली. ती काय, एका हाळीत येत्यात. आता कोकरं व्हायचीत. त्याला पाच महिने लागत्यात."

"अगदी तसंच!"

"मग एवढ्यासाठी कालेजात कशाला जायलीस गं? माज्यामागं रानात यायचं." ती हसली, मग थबकली. "आन गोळी बंद केली तर?"

"लांडगा मोकळा सुटतो."

"कोकरांच्या वक्ताला?" कासाबाई तटकन उठली. "पानी दे आदी. आन उद्या डाक्तरला सांगायला तू बी चल. मला एकटीला लय बोलतील."