वीराच्या वाटचा चीक

किल्ल्याची डागडुजी सुरू झाली तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं, हे आधी सांगून टाकते. शहराच्या कडेचा, नदीकाठचा तो पडका किल्ला, आत बाभळी माजलेल्या. शेळ्या घेऊनसुद्धा तिकडे कुणी जात नसे. निजाम सरकारनं चुना-विटा आणल्या, बुरूज बांधून काढले, दरवाजाला नव्या फळ्या ठोकल्या. मग कळलं, आत अजबखाना होणार. शहराचा इतिहास मांडून ठेवणार म्हणे. मांडायला वस्तू लागतात आणि त्या कुणाच्या तरी दारातून उचलाव्या लागतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

केदारखेड्याच्या अलीकडे आमची वस्ती. मी नव्यानं नांदायला आले होते. गोठ्यापुढच्या चौथऱ्यावर शेंदरानं माखलेला एक उभा दगड होता. त्याला घरात सगळे वीर म्हणायचे. सासऱ्यांचा कोण्या काळचा पूर्वज. चोरांनी वळवलेली गुरं सोडवताना मेलेला. त्याची रीत एकच. गाय व्याली की पहिला चीक त्याचा. त्याच्या अंगावर ओंजळभर चीक पडल्याशिवाय घरात कुणी खरवसाचा तुकडा तोंडात घालायचा नाही, रडणारं लेकरूसुद्धा. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची, या बाबतीत भारी कडक होती.

एक दिवस हैदराबादचा अंमलदार वस्तीवर आला. सासऱ्यांनी बाज टाकली, ताक दिलं. चौथऱ्यापुढं उभा राहून साहेब म्हणाला, "क्या खूब चीज है!" सासरे हात जोडून म्हणाले, "आपलीच हाय, साहेब."

आमच्याकडे पाहुण्यानं बैलाचं कौतुक केलं तरी असंच म्हणतात. नातवाचं केलं तरी म्हणतात. म्हणून कुणी नातू काखोटीला मारून नेत नाही! आणि हा तर हैदराबादचा, जिथं असले शब्द उठता-बसता बोलतात. त्याला सगळं बराबर ठाऊक होतं. दिवस मावळायच्या आत गाडी दारात आली. सासरे सांगत राहिले, "तसं न्हाई हो, बोलायची पद्धत हाय ती."

गाडीबरोबरचा शिपाई म्हणाला, "जबान दिली ना? मंग?"

सासरे बाजूला सरले आणि वीर गाडीत चढला. मला त्यांचा अजून राग येतो. तोंडातून गेलेल्या शब्दाची त्यांना लाज वाटली, घरच्या माणसाची वाटली नाही.

पुढे गाय व्याली. आत्याबाईंनी तांब्यात चीक घेतला, वर फडकं बांधलं आणि मला म्हणाल्या, "चल, त्यो उपाशी हाय." आम्ही पायी किल्ल्यावर गेलो.

वीर भिंतीला टेकवून उभा केला होता. आधी ओळखूच आला नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोटबोट चढवलेला शेंदूर सगळा खरवडून काढला होता. आत माणूस होता. हातात ढाल, पायाशी गाय. देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या तोंडावर छिन्नीचे पांढरे ओरखडे होते. ते बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. खाली उर्दूत पाटी होती. आत्याबाईंनी पहारेकऱ्याला विचारलं, "काय लिव्हलंय?"

"नामालूम सिपाही. म्हंजे हा कोण, ते ठाऊक न्हाई."

"मला इचारायचं की! मी ह्याच्या घरची सून हाय."

त्यांनी फडकं सोडलं तसा तो आडवा आला. "दूध-बीध बिलकुल न्हाई. दगडाला डाग पडतो."

डाग! मी नवी नवरी, पण पदराचं भान सोडून त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्यानं आम्हाला दरवाजाबाहेर काढलं. आत्याबाई रडल्या नाहीत. भरला तांब्या तसाच घरी आणला आणि सगळा चीक वासरापुढं ठेवला. "त्याला न्हाई तं कुणालाच न्हाई," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात खरवस झाला नाही.

मग निजामाचं राज्य गेलं. वस्तीवर गुलाल उधळला. त्यानंतर गाय व्याली तेव्हा आत्याबाईंनी पुन्हा तांब्या भरला. आता आपलं राज आलंय, आता कोण अडवतो, असं वाटेत म्हणत होत्या. किल्ल्यावर शिपाई नवा होता, पाटीही नवी होती, मराठीत. त्यानं मोठ्या हौसेनं वाचून दाखवली, "अज्ञात योद्धा."

"म्हंजे?"

"म्हणजे कोण ते माहीत नाही, बाई. आणि तांब्या बाहेर ठेवा."

आत्याबाईंनी फडक्याची गाठसुद्धा सोडली नाही. तशाच मागे वळल्या.

त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नातवंडं म्हणतात, आजी, हा कसला हट्ट, खरवस आता दुकानात मिळतो. मिळेना का! तो तिथं उपाशी उभा आहे, आणि मी खाऊ?