जरमीनाला दिलेलं आमंत्रण

परभणी स्टेशनवर घर सोडून निघालो, तो क्षण खरं तर गंभीर व्हायला हवा होता. आईचे डोळे भरलेले, वडील उगाच घसा खाकरतायत, आणि मी समोरच्या फलाटावरच्या हैदराबादच्या गाडीत जाऊन बसलो. वडील खिडकीशी धावत आले. "अरे गाढवा, दिल्ली तिकडं!" तुम्हा मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हा किस्सा मी इतक्यांदा ऐकवलाय, की जगातलं सर्वांत करुण स्थलांतर तेच असं मलाच वाटायला लागलं होतं.

बावीस वर्षं झाली. सरकारी नोकरी, गाझियाबादला फ्लॅट, जिभेवर 'अच्छा' आणि 'बिल्कुल'. लेकीला उंबरा म्हणजे काय ते फोटो दाखवून सांगावं लागतं. पण संक्रांतीला मेधा, माझी बायको, हळदीकुंकू करतेच. यंदा तिनं मला एकच काम दिलं. वरच्या मजल्यावरच्या जरमीनाला सांगायचं, शनिवारी चार वाजता या. बास.

जरमीना अफगाणिस्तानातून आलेली. एका हॉस्पिटलात तिकडच्या पेशंटांसाठी दुभाष्याचं काम करते. घरात मुलगी परवाना आणि मुलगा इद्रीस.

एका वाक्याचा निरोप. पण मी आणि एक वाक्य? दारातच व्याख्यान सुरू केलं. आईकडून ऐकलेली व्याख्याच हिंदीत ठेवून दिली, "ये सिर्फ उन औरतों का फंक्शन है, जिनके हज़बंड ज़िंदा हैं."

तिनं दाराची कड धरली. "भाईसाहब, मेरे वाले का मुझे मालूम नहीं. पाँच साल हुए, ले गए. आऊँ या न आऊँ? आप बताओ."

मी हसतच होतो. तोंड मिटायला वेळ लागला. ती आली तर तो जिवंत, नाही आली तर मेला, आणि ठरवायचं कुणी, तर मी.

तेवढ्यात परवानानं पाणी आणलं. तिचे केस अगदी बारीक कापलेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "लंबे बाल रखो ना, बेटा!"

जरमीनानं मग सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. नवऱ्याला बंदूकवाल्यांनी नेलं. बाईनं एकटीनं बाहेर पडायचं नाही. इद्रीस तेव्हा बारा वर्षांचा, त्या वयाच्या मुलांना हाती बंदूक द्यायला घेऊन जात, म्हणून त्याला तळघरात लपवलं. परवाना दहाची. तिची शाळा बंद, आणि बंदूकवाल्यांतल्याच एकानं तिला मागणी घातलेली. मुलगी नातेवाइकाकडे पाठवली असं त्यांना सांगून तिचे केस कापले, भावाचे कपडे चढवले. पाव आणायला तीच जायची.

"बेटी बचाने को बेटा बनाया. फिर वो उस बेटे को भी माँगने आ गए."

दुसऱ्याच दिवशी तिघं निघाली. परवाना अजून केस वाढू देत नाही.

जिना कसा उतरलो आठवत नाही. मेधाला सांगितलं तर ती भडकलीच. "कुणी सांगितलं होतं व्याख्या द्यायला? दहा वर्षं मी सगळ्याच बायकांना बोलावते. घरात लक्ष असतं का तुमचं?"

नव्हतं.

ती तशीच वर गेली. जरमीनाला म्हणाली, "तुम मेहमान थोड़े हो. तीन बजे आओ, मेरे हाथ कम पड़ेंगे."

शनिवारी जरमीना तीनलाच आली. बाहेर बायकांचा गलका, मी स्वयंपाकघरात दडून बसलेलो, आणि परभणीहून आईचा फोन. "पाडव्याला तरी येतोस का रे?"

"आई, लीव्ह..." एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि जरमीना तिळगुळाचं रिकामं ताट भरायला आत आली. तिच्यासमोर मला ते वाक्य पुरं करवेना. माझं घर जागच्या जागी आहे, वर मला फोन करून बोलावतंय, आणि मी बावीस वर्षं त्याला रजेची कारणं सांगतोय.

"कौन है?" तिनं विचारलं.

"माँ. घर बुला रही है."

ताट भरता भरता ती थांबली. "तो जाओ ना," म्हणाली.