देवदूताचा हात

देवदूत व्हायचं म्हणजे तोंड बंद ठेवायचं, हे मला आत्याने आधी सांगितलं नव्हतं. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल अंगणात आणलं, मला त्यावर उभं केलं, माझ्या खांद्यांवरून पलंगावरची पांढरी चादर सोडली आणि म्हणाली, "उजवा हात पुढे कर. आता बोलू नको."

"किती वेळ?"

"बोललीस."

मी बोलणार नाही तर काय? आमच्या घरात मी वाढलेच पत्रकांवर. बाबा रांझीच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आई चर्चची पत्रकं वाटायची. दोन्हींच्या घड्या घालता घालता मी अक्षरं शिकले. एका गठ्ठ्यात 'कामगार बंधूंनो!', दुसऱ्यात 'हे पापी माणसा!' मला लहानपणी वाटायचं की ही दोन पत्रं एकाच माणसाला लिहिली आहेत. बाबांचा एक नियम होता: पत्रक एकाच बाजूला छापायचं. मागची बाजू कोरी राहिली की लोक ते फेकत नाहीत, वाणसामानाची यादी लिहायला ठेवून घेतात आणि यादी लिहिताना कधीतरी उलटून वाचतात.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, राहते आमच्याकडेच. अधारतालच्या एका शाळेत ती ड्रॉइंग शिकवायची. तीस वर्षं तिने चर्चच्या संडे स्कूलसाठी तक्ते रंगवले. तक्त्यांचं नशीब ठरलेलं असतं. मुलांना दाखवायचे, गुंडाळायचे, कपाटावर टाकायचे. बायबलमधल्या योनाला गिळणारा मोठा मासा कसरीने शेपटीकडून अर्धा खाल्ला, आणि माशाच्या पोटातला योना आपोआप सुटला.

यंदा चर्चची रंगरंगोटी झाली आणि डावीकडची भिंत रिकामी राहिली. कमिटीने आत्याला सांगितलं: येशू जन्माला येणार हा निरोप घेऊन देवदूत मरीयेकडे येतो, ते चित्र नाताळाआधी करून द्या. भिंतीवर कायमचं राहणारं तिचं हे पहिलंच चित्र. ती दुसऱ्या दिवशी जाऊन नवा चष्मा करून आली. त्यावरून आम्ही समजलो.

आत्याला मनाने माणूस काढता येत नाही. म्हणजे येतो, पण तिच्या मते तो रबराचा होतो. स्वर्गातलं काहीही काढायचं असलं तरी तिला समोर कोणीतरी हाडामासाचं लागतं. मरीयेसाठी तिने आमची वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी बसवली. ती नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी यायची, खुर्चीत टेकायची आणि दोन मिनिटांत झोपायची. मी म्हटलं, "आत्या, मरीया घोरून राहिली." आत्या म्हणाली, "घोरू दे. दिवसभर राबलेली पोरच होती ती."

पंखांसाठी तिने समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसणारी घार निवडली. आठवडाभर ती घारीकडे आणि घार तिच्याकडे बघत होती. पंख झाले मातकट, तपकिरी. चेहरा माझा, म्हणजे आमच्या घराण्याचा, चांगला भाजलेला. सगळं जमलं, एक हात सोडून. मी हात पुढे केला की पाच मिनिटांत त्याची मूठ व्हायची.

"तुझा हात मागणी करून राहिला," आत्या म्हणाली. "निरोप आणणाऱ्याचा हात असा नसतो."

"मग कसा असतो?"

"माहीत असतं तर तुला स्टुलावर काहून चढवलं असतं?"

अशातच चर्चचे सेक्रेटरी काका भिंतीचं माप सांगायला आले. हे रेल्वेतून रिटायर झालेले. उपासनेत सूचना तेच वाचतात, आणि पुढच्या स्टेशनलाही ऐकू जावं अशा आवाजात वाचतात. त्यांनी चित्र बघितलं, मान डोलावली.

"दीदी, बढिया. बस, देवदूत जरा उजळ केला तर? आणि पंख तरी पांढरे करा."

"पांढरे पंख बगळ्याचे," आत्या म्हणाली. "बगळा निरोप आणत नाही, मासा घेऊन जातो."

"लोकांना सवय आहे, दीदी, म्हणून म्हटलं."

"बघते."

मी स्टुलावरूनच ओरडले. "बघते म्हणजे काय, आत्या?"

"बघते म्हणजे बघते. स्टुलावरून उतरू नको."

मी उतरले. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'देवदूत गोरा काहून?' आजही मला ते पत्रक चांगलंच वाटतं. देवाच्या दरबारात कातडी बघून नोकरी मिळते का, असा त्यात सवाल होता. आपल्या लेकरांना भिंतीवर आपला चेहरा कधी दिसणार, असाही होता. छापलेला गठ्ठा घेऊन रविवारी उपासनेआधी मी चर्चच्या फाटकाजवळ उभी राहिले आणि प्रत्येकाच्या हातात एक एक दिलं.

तोवर देवदूताच्या रंगाचा विचार मंडळीत कोणीही केलेला नव्हता. उपासना संपेपर्यंत दोन पक्ष पडले होते. चपला घालता घालता एका मावशींनी मला विचारलं, "चित्रातला देवदूत तूच ना गं?"

"हो."

"अच्छा! म्हणजे आत्याने भाचीला देवदूत केलं आणि भाची फाटकावर स्वतःचीच जाहिरात करून राहिली!"

सगळ्या हसल्या. सगळी तत्त्वं तपासून पाहिली होती मी, ही एवढी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

घरी बाबांनी पत्रक दोनदा वाचलं. "मागची बाजू कोरी ठेवलीस, शाबास," ते म्हणाले. "पण ज्याच्यासाठी लढायचं, त्याला विचारलं होतंस? आम्ही कामगाराची सही घेतल्याशिवाय एक ओळ छापत नव्हतो."

आत्या ब्रश धूत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "उजळ करणार नव्हतेच मी," ती म्हणाली. "चित्र टांगलं असतं, लोकांनी बघितलं असतं, झालं असतं. आता ते चित्र बघणार नाहीत, तुझं पत्रक बघतील."

मी पत्रकांचा उरलेला गठ्ठा पलंगाखाली सरकवला.

गुरुवारी सकाळी सेक्रेटरी काका पुन्हा आले. त्यांचा आवाज फाटकातूनच आला. "दीदी! कमिटीचा निर्णय झाला! चित्र नाही लावायचं! हे असं पत्रकबाजीचं..." एका हातात माझं पत्रक फडकत होतं, दुसरा हात तर्जनी रोखून पुढे. तसेच ते अंगणात शिरले, आणि थबकले.

समोर खुर्चीत नर्स मुलगी गाढ झोपली होती. मान एका बाजूला, डोक्यावरची शाल अर्धी घसरलेली, पायांत अजून हॉस्पिटलच्या चपला.

काकांचा आवाज एकदम खाली आला. रोखलेलं बोट सैल पडलं, तळवा उघडला. आता तो हात ना पुढे जात होता, ना मागे येत होता. "झोपली आहे का पोरगी?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"हलू नका," आत्या म्हणाली.

"काय?"

"हात. तसाच ठेवा."

तिने त्यांच्या दुसऱ्या हातातलं पत्रक ओढून घेतलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिल चालवायला लागली. काका हात तसाच धरून उभे. पण बाकीची बातमी तर सांगायची होती. मग त्यांनी ती तशीच, कुजबुजत सांगितली. कमिटीत वाद झाला, दोन जण उठून गेले, सणाच्या तोंडावर भांडण नको, म्हणून भिंत रिकामी ठेवायची.

"अच्छा," आत्या म्हणाली. "अंगठा जरा बाहेर."

त्यांनी अंगठा बाहेर काढला.

मी दारात उभी होते. पहिल्यांदाच मला कळलं की आत्या इतके दिवस काय शोधत होती. एवढी मोठी बातमी घेऊन कोणी आत शिरतं आणि समोर दमलेली पोर दिसली की त्याचा हातच आधी हळू होतो. स्टुलावर तासन् तास उभं राहूनही मला ते जमलं नसतं.

काका चहा पिऊन गेले. शनिवारी स्वतःहून आले. "हाताचा रंग बाकी असेल ना?" त्यांनी विचारलं. मग सोमवारीही आले. रंगवलेला हात बघून म्हणाले, "इतका सावळा आहे का हो माझा?"

"उन्हात धरा."

त्यांनी उन्हात धरला. उलटसुलट करून बघितला.

कमिटीत पुढे काय झालं ते मला नक्की माहीत नाही. एवढं ऐकलं की काका म्हणाले, आधी भिंतीवर लावून बघा, मग मत द्या; न बघता हात वर करणं हे काही ख्रिस्ती माणसाचं काम नाही. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. पत्रकाची नाही, त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही. आत्याला न विचारता छापलं, एवढ्याची. ते म्हणाले, "माफी दीदीची माग." मी म्हटलं, "मागितली. तिने मला ब्रश धुवायला लावले."

नाताळाच्या सकाळी चित्र भिंतीवर होतं. चेहरा माझा, पंख टाकीवरच्या घारीचे, हात सेक्रेटरी काकांचा. मला जाहिरातीवरून हसणाऱ्या मावशींनी चित्र निरखलं आणि म्हणाल्या, "तू इतकी शांत कधी दिसतेस गं?" आत्या मागच्या बाकावर बसली होती. चष्मा सारखा पुसत होती.

नर्स मुलगी ड्यूटीवरून थेट आली होती. ती बरोबर चित्राखाली बसली आणि प्रवचनात झोपली. सूचना वाचायला काका उठले, त्यांनी छाती भरून घेतली, तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. आमच्या चर्चच्या सूचना त्या दिवशी पहिल्यांदाच मागच्या बाकापर्यंत पोचल्या नाहीत.