रत्नमालेला आणायला गेलेली संघटना

धनजचा जानराव भंगारवाला म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. जुन्या वायरी गोळा करायच्या, परसात पेटवायच्या आणि वरचं प्लास्टिक जळालं की आतलं तांबं विकायचं, हा त्याचा धंदा. त्या काळ्या धुरानं बायको रत्नमाला खोकून खोकून बेजार झाली. शेवटी तिनं तोंडावर सांगितलं, "धूर ठेवा, नाहीतर मले ठेवा!" आणि इंझोरीला भावाकडे निघून गेली.

इकडे तालुक्यातल्या भंगारवाल्यांच्या संघटनेनं ठराव केला, की वायर कुणीही जाळायची नाही. वर्गणी काढून सोलायचं यंत्रही आणलं. ते आळीपाळीनं गावोगाव फिरणार आणि निघालेलं प्लास्टिक संघटनाच पाइपच्या कारखान्याला विकणार. जानरावाला त्या प्लास्टिकचं काय सोयरसुतक! त्यानं लगेच बायकोला फोन लावला, "धूर बंद झाला, ये आता."

"तुमच्या बोलण्यावर कोण भरोसा ठेवते?" म्हणून तिनं फोन कापला.

आता काय करावं? जानराव भर बैठकीत उभा राहिला. "ठराव तुमचा, मंग बायको आणाची जिम्मेदारी बी तुमचीच!"

झालं! संघटनेची इज्जत पणाला लागली. अध्यक्ष लखीरामानं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना भंगाराच्या टेम्पोत कोंबलं आणि वरात इंझोरीला नेली. रत्नमाला अंगणात तूर पाखडत होती. लखीराम घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, अध्यक्ष म्हणून जबान देतो. आपल्या तालुक्यात आता कोणीच वायर जाळत नाही."

तिनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "मंग भाऊ, तुमच्या भुवया कुठी गेल्या?"

लखीरामाचा हात आपसूक कपाळाला गेला. मागच्या दोघा-तिघांनी आपले काळे हात पाठीमागे लपवले. मेल्यांनो, निदान हात तरी धुऊन यायचं होतं! संघटनेचं पार हसं झालं.

"अन् तुमी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

एरवी जानरावानं शंभर शपथा घेतल्या असत्या. आज मात्र त्यानं मान खाली घातली. "मी बी जाळली. परवा, एकच गुंडाळी. यंत्राचा नंबर यायचा होता, मले दम निघला नाही. धूर सुटला अन् मी पळत जाऊन तुह्या खोलीचं दार लावलं. मंग ध्यानात आलं, आत तू नाहीस. तशीच पाणी टाकून वायर इझवली."

रत्नमालेनं पदरानं डोळे पुसले, सूप उचललं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

"लखीरामभाऊ," ती आतूनच ओरडली, "टेम्पोत पुढच्या सीटवर मी बसीन. तुमी बसा मांगं!"