पाठवणीची गाडी

लग्नात माणसं रुसतात आणि त्यांची समजूत काढायची असते, एवढी अक्कल मला होती. गाडी रुसली तर बॉनेट उघडायचं, हेही ठाऊक होतं. बहिणीच्या लग्नात दोन्ही रुसवे एकाच दिवशी आले आणि मी नेमकं नको तिथे डोकं घातलं.

गाडी बाबांची. देश सोडून निघालेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून त्यांनी ती घेतली होती. विलायती बनावटीची, गोल पाठीची, चिंचोक्याच्या रंगाची. मुलुंडच्या आमच्या इमारतीत तेव्हा दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे तिच्या आजारपणाची खबर सगळ्या मजल्यांवर असायची. बहीण लहान असताना बाबा तिला पुढच्या सीटवर बसवून सांगायचे, "तुला सासरी मीच सोडणार. ह्याच गाडीतून. जावई बसेल मागे." लग्न ठरायच्या आधीच बाबा गेले. बहिणीने ना अमुकच शालू मागितला, ना दागिना. एवढंच म्हणाली, "दादा, जाताना मी बाबांच्या गाडीतून जाणार. तू चालव."

बाबांच्या मागे त्या गाडीची खरी काळजी घेतली ती काकांनी. बाबांचे धाकटे भाऊ. राहायला नाहूरला. गिरणी बंद पडल्यापासून घरीच होते. दर रविवारी चालत यायचे, गाडी धुवायचे, पुसायचे, इंजिन चालू करून त्याचा आवाज कान देऊन ऐकायचे आणि आईच्या हातचा चहा घेऊन परत जायचे. मी त्यांना म्हणायचो, "काका, कशाला त्रास घेता?" हे मी आदराने म्हणतो आहे असं मला वाटायचं.

लग्नाची पत्रिकाही मी त्यांना अशाच एका रविवारी दिली. खरं तर जोडीने नाहूरला जायचं, काकूला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवून आमंत्रण करायचं, अशी आमच्याकडची रीत. पण घरच्या माणसाला कसलं आलंय आमंत्रण, असा मोकळा विचार मी केला. काकांचे हात साबणाने ओले होते, म्हणून पत्रिका मीच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खोचली. मोकळ्या विचाराची माणसं अशीच असतात.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी झकास चालली. मी बहिणीला हॉलवर घेऊन आलो, गाडी फाटकाबाहेर झाडाखाली लावली, बॉनेटवर झेंडूची माळ होती. मग विधी सुरू झाले. भटजींनी विचारलं, "वडिलांच्या जागी कोण बसणार?" आणि मी शाळेत हात वर करावा तसा म्हणालो, "मी." मी आणि माझी बायको बसलो, कन्यादान केलं. काका मागच्या खांबापाशी कापडी पिशवी घेऊन उभे होते. त्या पिशवीत सोवळं होतं, घडी न मोडलेलं. हे काकूने आम्हाला पुढे कधीतरी सांगितलं.

जेवणाच्या पंगतीत काकांनी श्रीखंडाला हात लावला नाही. आई म्हणाली, "अरे, भावोजींकडे बघ जरा." मी वाढप्याला पुन्हा श्रीखंड घेऊन पाठवलं.

दुपार कलली. वऱ्हाडाची बस सामानासकट कांदिवलीला, मुलाच्या घरी, पुढे निघून गेली. कारण मुलगी आमच्या गाडीतून येणार, असं मीच ऐटीत सांगून ठेवलं होतं. मागे राहिले नवरा-नवरी, नवऱ्याचे आईवडील आणि एक करवली. बहिणीचं रडून झालं, ती आईच्या गळ्यातून सुटली, गाडीत पुढे बसली. मी चावी फिरवली. इंजिन घर्र घर्र घर्र फिरलं, पण पकडेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

मग सल्ले सुरू झाले. "पेट्रोल आहे ना रे?" "उन्हात तापली असेल, पाणी मार." "धक्का द्या, धक्का!" नवऱ्याच्या वडिलांनी कोट काढून करवलीच्या हातात दिला आणि धक्का मारायला लागले. मी पाया पडून नको म्हणत होतो आणि गाडीत बसून गिअरही टाकत होतो. कोपऱ्यापर्यंत ढकलली, कोपऱ्यावरून परत ढकलली. विहीणबाई हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "शुभ दिवशी पाऊल अडलं म्हणायचं, दुसरं काय!" आईचा चेहरा उतरला.

मी कोट काढला, बाह्या वर केल्या. बाबांच्या शेजारी उभा राहून बॅटरी धरण्यात माझं सगळं तरुणपण गेलेलं. म्हणजे उजेड पाडायची बॅटरी. पण बघून बघून थोडं कळत होतं. इंजिन फिरतंय, म्हणजे गाडीची बॅटरी ठीक. पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे तेही पोचतंय. प्लग काढले, ओले होते. घासूनपुसून परत लावले. मग प्लगची वायर इंजिनाच्या अंगाजवळ धरली आणि जावयाला, हो, नव्या कोऱ्या जावयाला, चावी फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. मग ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलकडून येणारी जाड वायर धरली. तिथे निळी ठिणगी सणसणीत उडाली आणि ती आधी माझ्या बोटात गेली. मी "आई गं!" ओरडलो. बहीण रडता रडता हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू.

म्हणजे ठिणगी कॉइलपर्यंत आहे, प्लगपर्यंत नाही. वाटेत कोण खातंय? वाटेत फक्त डिस्ट्रिब्युटर. त्याच्या दोन क्लिपा उघडून टोपण उचललं.

आत रोटर नव्हता. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. आत गोल फिरत तो प्रत्येक प्लगला आळीपाळीने ठिणगी वाढतो, पंगतीतल्या वाढप्यासारखा. तो नसेल तर बाकी सगळं असून पंगत उपाशी. रात्री गाडी लावली की बाबा हा रोटर काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे, चोराने नेऊ नये म्हणून. ही सवय घरात आणखी एकाच माणसाला होती.

काका हॉलच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होते.

मी जवळ गेलो. "काका, रोटर..."

"माका कित्याक इचारतंस?" ते वर न बघता म्हणाले. रागावले की काका गावच्या मालवणीवर यायचे. "मी कोण तुमचो? तू शाणो आसस. वडलांच्या जागेवर बसतस. तूच बघ."

"काका, सगळे खोळंबलेत. निदान तिच्याकडे बघून तरी..."

"चोराची भीती म्हणून काढून ठेवलंय. रस्त्यावर उघडी गाडी टाकून अक्षता टाकूक धावलात सगळे. माझी काळजी तुमका नसात, माका गाडीची आसा."

मागून आई पदर सावरत आली. माझ्या कानाशी म्हणाली, "वाक. पाया पड. आत्ता ताठा नको धरूस, तिला जाऊ दे." मी वाकलो. खरंच वाकलो. काका पाय मागे घेऊन म्हणाले, "हय नको. थंय, सगळ्यांसमोर. व्याह्यांका कळूक होया, ह्या घरात अजून मोठा माणूस आसा."

हे बोलणं बहिणीने ऐकलं. ती गाडीतून कधी उतरली होती, कळलं नाही. शालूचा काठ धुळीत लोळत होता. ती काकांसमोरून तशीच माझ्याकडे आली. मला म्हणाली, "दादा, ऊठ. रिक्षा बघ."

"अगं, मी मागतो ना माफी. एक मिनिट लागेल."

"मला बाबांच्या गाडीतून जायचं होतं. अशी मागून आणलेली नको."

दोन रिक्षा आल्या. पहिलीत नवरा-नवरी आणि करवली बसली. बहिणीने शालूचा घोळ मांडीवर ओढून घेतला, तरी एक टोक बाहेरच राहिलं. मीटर पाडल्याचा आवाज झाला. आईने दहीभात बांधून दिलेला डबा माझ्याच हातात राहून गेला. दुसऱ्या रिक्षात चढताना विहीणबाई म्हणाल्या, "काही नाही हो, चालायचंच."

रिक्षा वळणावर दिसेनाशा झाल्यावर काका उठले. सुपारीचा अडकित्ता पिशवीत ठेवला, खिशातून रोटर काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, जागेवर बसवला, क्लिपा लावल्या. आत बसून चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. इतकं शांत, इतकं एकसारखं, बाबा असताना लागायचं तसं.

काकांनी काच खाली केली. मघाचा आवाज त्यांच्या गळ्यात उरला नव्हता. "चल, बस. बसा सगळे. पवईच्या आधी गाठू त्यांना. मी उतरतंय, तू चालव. तिला ह्याच्यातून..."

कोणी बसलं नाही. मी डबा धरून उभा होतो. माळेतले झेंडू बॉनेटवर थरथरत होते. काकांनी एकदा आईकडे बघितलं.

आई पुढे झाली. "भावोजी," ती म्हणाली, "बंद करा. पेट्रोल जळतंय."

त्यांनी इंजिन बंद केलं. उतरले, बॉनेट उघडलं आणि सवयीने रोटर काढून खिशात टाकला. मग पिशवी उचलून नाहूरच्या दिशेने चालू लागले. त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाही. आम्ही तो रोटर कधी मागितला नाही, आणि गाडी त्या झाडाखालून ढकलत घरी आणली, ती पुन्हा सुरू केली नाही.