यांना उम्म अल कुवैनला ठेवून जाताना

मंगळवारी मी माझ्या नवऱ्याला इथं आखातात सोडून अमेरिकेला चालले आहे.

त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं. इथल्याच कबरस्तानात आहेत.

माझा व्हिसा त्यांच्या नावावर होता. ते गेल्यावर मुदत मिळाली, ती आता संपली. मुलगा-सून आयोवात, एका लहानशा गावात राहतात. मुलगा मला न्यायला आलाय. आत बॅगा भरतोय.

सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. असेन.

ते गाव मी पाहिलंय. हे होते तेव्हा आम्ही दोघं एक उन्हाळा तिथं राहून आलो. खोटं कशाला बोलू, गाव गोड आहे.

अनोळखी माणूस गाडीतून हात करतो. शेजारची लिंडा परसातली झुकिनी आमच्या पायरीवर ठेवून जायची, न सांगता. दुधीच्याच जातीची दिसते. मी ती सुकट घालून केली आणि वाटीभर तिला दिली. बिचारीने खाल्ली. घोटघोट पाणी पीत खाल्ली, पण खाल्ली.

हे रोज सकाळी तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसायचे. विकत काही घ्यायचे नाहीत. दुकानदाराशी बोटींच्या इंजिनांवर गप्पा मारायचे. त्याने समुद्र तरी पाहिला होता की नाही, कोण जाणे.

परत येताना विमानात म्हणाले, "नसीम, हे तर आपलं उम्म अल कुवैनच गं. समुद्र काढून तिथं मका लावलाय, एवढंच."

अशा गावावर त्यांचा जीव होता. इथं बोटींच्या स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळायचे. दुबईहून चांगली ऑफर आली होती, गेले नाहीत.

दुबईचे नातेवाईक चिडवायचे, "भाई, तुमच्या त्या गावात आहे तरी काय?"

"पार्किंग आहे," हे म्हणायचे.

यांची गाडी वळताना दिसली की कॅफेटेरियातला मलबारी कडक करक चहा ओतायला घ्यायचा. मासळीबाजारात सुरमईचं डोकं यांच्यासाठी बाजूला काढलेलं असायचं. पलीकडचा म्हातारा अरब खजूर पाठवायचा, मी त्याच्याकडे घावणे पाठवायची.

मला गाडी शिकवली तीही इथल्याच मोकळ्या रस्त्यांवर.

"यल्ला, दाब ॲक्सिलरेटर! समोर नुसती वाळू आहे, घाबरतेस कुणाला?"

गेल्या वर्षी स्टोअरमध्येच छातीत कळ आली.

खलास.

लगेच रत्नागिरीहून दिराचा फोन. "भाभी, मय्यत गावाला पाठवा. अब्बा-अम्मी इथं आहेत."

मी नाही म्हटलं. कारण यांनी मला कितीदा तरी बजावलं होतं, "मला पेटीत घालून कार्गोने पाठवू नको. आपल्यात उशीर करत नाहीत. इथंच ठेव. आणि तू शुक्रवारची येत जा."

सगळ्या खानदानाशी भांडून मी त्यांना इथं ठेवलं. मुलाचं विमान उतरायच्या आत दफन झालं.

आणि मी दर शुक्रवारी गेले. आमच्यात बायका कबरस्तानाच्या आत जात नाहीत. भिंतीबाहेर गाडी लावायची, दुवा मागायची, मग आठवड्याच्या बातम्या सांगायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नातू झाला. उन्हाळ्यात चपलेतून चटके बसायचे, तरी निघवत नसे.

आता मला कुणीतरी सांगा, मी काय करू?

गावी असते तर आईबाप शेजारी होते. भाऊ, पुतणे ईदला जाऊन आले असते. इथं त्यांचं माणूस म्हणजे मी एकटी. आणि तीच आता चालली.

व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये बसून रडले. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "आंटी, मैं इन्शाल्ला बोल दूं, मगर झूठ होगा. बेटे के पास जाओ."

नोकरी शोधली. एकसष्टाव्या वर्षी. हसू नका. चपात्या करीन, मुलं सांभाळीन, काहीही करीन, व्हिसा द्या, म्हणून दारोदार फिरले.

मुलगा म्हणतो, "अम्मी, बी प्रॅक्टिकल. यू कॅन ऑलवेज कम ऑन अ व्हिजिट व्हिसा."

येता येईल. हे गुडघे घेऊन, आयोवाहून. पण दर शुक्रवार काही व्हिजिट व्हिसावर होत नाही.

"इट्स अ लव्हली टाउन, अम्मी. यू लव्ह्ड इट."

आवडलं होतं रे. तेव्हा परतीच्या विमानात ते माझ्या शेजारी होते.

आज सकाळी दोघं कबरस्तानात गेलो. तो आत, मी भिंतीबाहेर.

बऱ्याच वेळाने आला. डोळे लाल.

"अम्मी, लास्ट इयर अब्बांच्या फ्रेंड्सनी दाखवली होती. नाऊ दे ऑल लुक द सेम. आय कुडन्ट फाइंड हिम."

इथं कबरीवर नाव लिहीत नाहीत. नुसता दगड असतो.

आणि मी? सगळ्या संसारात मी यांचं नाव कधी घेतलं नाही. आमच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. 'अहो', 'ऐकलंत का', 'सलमानचे अब्बा', एवढ्यावर आयुष्य निघालं.

आज भिंतीला हात टेकून मोठ्याने घेतलं. पुन्हा पुन्हा घेतलं.

इथंही लिहिते. तुमच्यापैकी कुणी शुक्रवारी या बाजूला आलात, तर भिंतीबाहेर जरा गाडी थांबवा. फातिहा येत नसेल तरी चालेल. कबर शोधत बसू नका. नावाने हाक मारून सलाम सांगा.

इस्माईल हसन परकार.

अल्लाच्या हवाली, अहो.